गव्हाचं पीठ मागच्या पडवीत: सिलिॲक असलेली एक मुलगी आणि तिचं घर

या प्रकरणातली मुलगी आता सतरा वर्षांची आहे. साडेचार वर्षांची असताना तिला सिलिॲक आजाराचं निदान झालं आणि तेव्हापासून तिच्या आहाराचं काम माझ्याकडे आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

वैद्यकीयदृष्ट्या या प्रकरणात दुर्मीळ असं काही नाही. सिलिॲक म्हणजे ग्लूटेन या धान्यातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार. त्यावर गोळी नाही. गहू, जव आणि राय (हे युरोपातलं धान्य, आपली मोहरी नव्हे) यांच्यातलं ग्लूटेन जन्मभर बंद करणं हा एकच उपचार. कागदावर तो एका ओळीत मावतो. ती ओळ घरात अमलात आणताना कोण काय सोडतं, कामाचा बोजा कोणावर पडतो, आणि मूल मोठं झाल्यावर सगळं त्याच्या हाती कसं सोपवायचं, हे मात्र कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. या घराने ते शोधून काढलं, म्हणून हे प्रकरण मांडावंसं वाटलं.

घर आणि आजाराची सुरुवात

घर सोलापूर शहरातलं. आजी-आजोबा, मुलीचे आई-वडील, काका-काकू आणि दोन वर्षांनी मोठा चुलतभाऊ असं एकत्र कुटुंब. मूळ गाव मंगळवेढ्याकडचं. तिकडे अजून शेती आहे आणि शेतात मालदांडी ज्वारी होते. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, पण या घरातही मुलांच्या ताटात पोळीच असायची. भाकरी मोठ्यांची, पोळी मुलांची, पाहुण्यांची आणि डब्याची. गेल्या दोन पिढ्यांत ज्वारीच्या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत हे असंच होत गेलं आहे.

मुलगी वरचं खाऊ लागली तेव्हा सुरुवात गव्हाचं सत्त्व, रव्याची खीर आणि मेतकूट-भाताने झाली. पहिलं दीड वर्ष वजन ठीक वाढलं. मग जुलाब सुरू झाले. पोट फुगलेलं, हातपाय बारीक, तोंड सारखं आलेलं, आणि दिवसभर किरकिर. दात येताहेत, जंत झालेत, दूध पचत नाही, अशी कारणं निघत गेली. एकदा आतड्याच्या क्षयाचीही शंका आली. जंतांचं औषध झालं, लोहाचं सिरप महिनोन्‌महिने चाललं, तरी हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. लोह देऊनही पंडुरोग हटत नसेल तर पोटात गेलेलं लोह शोषलं जातंय का, हे बघायला हवं. तो प्रश्न इथे फार उशिरा विचारला गेला. साडेचार वर्षांच्या वयात तिची उंची ९५ सेंटिमीटर आणि वजन साडेअकरा किलो होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीची मध्यम उंची १०६ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि वजन सतरा किलोच्या.

गव्हाकडे पहिलं बोट दाखवलं ते आजींनी. हुरड्याच्या दिवसांत त्या नातीला घेऊन वस्तीवर राहायला गेल्या होत्या. तिथलं खाणं म्हणजे हुरडा, भाकरी, दही, शेंगांची चटणी आणि आमटी-भात. काही आठवड्यांत मुलीचं पोट उतरलं, ती खेळायला लागली, रात्रभर झोपू लागली. शहरात परतल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. आजी सुनेला म्हणाल्या, "वस्तीवर पोर बरी असती आन् हितं आली की बिघडती. पाण्याचं असंल, न्हाईतर पोळीचं." घरच्यांनी पाणी उकळून पाहिलं. फरक पडला नाही. मग मुलीच्या आईने बालरोगतज्ज्ञांकडे पोळीचा विषय काढला.

सिलिॲकच्या इतिहासात अशा घरगुती निरीक्षणाचा वाटा मोठा आहे. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवून दिला तो नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. १९५० साली उट्रेक्टमध्ये त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला होता, ती गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण डिके यांना ही शंका युद्धाच्या आधीच आली होती, आणि ती एका तरुण आईच्या बोलण्यावरून: पाव बंद केला की आपल्या मुलाच्या अंगावरचं पुरळ लगेच कमी होतं, असं तिने त्यांना सांगितलं होतं. सोलापुरातल्या या घरात आजींचं बोलणं कोणी हसण्यावारी नेलं नाही आणि डॉक्टरांनीही ते ऐकून घेतलं. पुढच्या सगळ्या गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या.

निदान

डॉक्टरांनी पहिली सूचना दिली ती घरच्यांना उलटीच वाटली: तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी चालू ठेवा. आजी रागावल्या. पोळीनेच पोर आजारी पडते म्हणता आणि तीच खायला घाला म्हणता? पण हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि आज माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत नेमका इथेच घोळ झालेला असतो. गहू बंद केला की रक्तातले प्रतिपिंड (अँटीबॉडीज) उतरू लागतात, आतड्याचं अस्तर भरून येऊ लागतं, आणि मग तपासणीत काहीच सापडत नाही. आजार आहे की नाही हे कळायला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. बऱ्या झालेल्या मुलाला मुद्दाम आजारी पाडायची वेळ आईबापांवर येऊ नये.

रक्तात टीटीजी या विकराविरुद्धच्या प्रतिपिंडांची आयजीए चाचणी झाली (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार), आणि सोबत एकूण आयजीए. काही लोकांच्या शरीरात आयजीएच कमी असतं आणि मग पहिली चाचणी फसवते, म्हणून दोन्ही एकत्र बघतात. टीटीजीचा आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटींहून जास्त आला. इतका वर आकडा असेल तर युरोपातले तज्ज्ञ काही अटींवर बायोप्सी टाळतात. भारतात वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटांमध्ये फरक पडतो, त्यामुळे इथे बायोप्सीचा आग्रह धरला जातो. पुण्यात एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतले आणि अहवालात 'मार्श ३' (आतड्याच्या अस्तराचं नुकसान सांगणारी श्रेणी) असं आलं. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं पोषण तिथूनच रक्तात जातं. मुलीच्या आतड्यात ते जवळपास सपाट झालेले होते. लोहाचं सिरप का लागू पडत नव्हतं, याचं उत्तर त्या कागदावर होतं.

आपल्याकडे हा आजार चटकन लक्षात येत नाही, त्यालाही कारण आहे. २०१६ साली भारतातल्या वेगवेगळ्या भागांतल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत सिलिॲकचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास निघालं, दक्षिणेत अवघं ०.१ टक्का. आजाराला लागणारी जनुकं सगळीकडे साधारण सारखीच सापडली. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हात. पंजाबमध्ये गहू सोडायचा म्हणजे जेवणच सोडण्यासारखं आहे. भाकरी, भात, पोहे, वरई खाणाऱ्या घरात पथ्याला निम्मी वाट आधीच तयार असते. अडचण अशी की त्याच कारणाने महाराष्ट्रात अनेकांना हे उत्तरेकडचं दुखणं वाटतं आणि शंका यायला उशीर होतो.

निदानानंतर आई-वडिलांची चाचणी झाली. पहिल्या नात्यातल्या माणसांना हा आजार असण्याची शक्यता साधारण साडेसात टक्के, म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. दोघांचीही चाचणी निर्दोष निघाली. पुढे जन्मलेल्या धाकट्या भावाची तपासणी दर काही वर्षांनी होते. अजून तरी सगळं ठीक आहे.

पहिला निर्णय कोणी घेतला

निदानानंतरच्या पहिल्या भेटीला घरातली पाच मोठी माणसं आली होती. माझ्या खोलीत तेवढ्या खुर्च्या नव्हत्या. मुलीची आई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती: सगळे पोळी खात असताना हिला कसं थांबवू? मी दोन वाटा सांगितल्या. एक, मुलीसाठी वेगळं शिजवायचं. दोन, स्वयंपाकघरातून गहूच हलवायचा. पहिलीत रोजचा धोका जास्त, दुसरीत सगळ्यांची गैरसोय.

निर्णय आजींनी घेतला. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच, भाकरीचं. सकाळी डब्यासाठी ज्यांना पोळ्या हव्यात त्यांच्या पोळ्या मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर. कणकेचा डबा, पोळपाट, लाटणं, पोळीचा तवा, कणीक मळायची परात, सगळं पडवीत गेलं. काकूंनी तिकडचं काम अंगावर घेतलं. काकांना भाकरी फारशी आवडत नव्हती, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

स्वयंपाकघरात 'तुला चालत नाही' अशी वस्तूच उरली नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलीला दिवसातून दहा वेळा नकार ऐकावा लागला नाही. पथ्य मुलीचं न राहता जागेचं झालं. या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ही उचलेन.

आकडा अडकला

पहिल्या वर्षात फरक डोळ्यांना दिसण्यासारखा होता. दोन महिन्यांत पोट उतरलं, भूक वाढली, किरकिर थांबली. वर्षभरात वजन साडेचार किलोने वाढलं आणि उंची नऊ सेंटिमीटरने. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. टीटीजी मात्र आधी भराभर उतरला आणि मग मर्यादेच्या चौपटीवर थांबला. सुरुवातीला आकडा फार वर असेल तर तो पूर्ण उतरायला दोन वर्षंही लागतात, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नव्हतं. पण उतरण पूर्ण थांबली होती, म्हणजे कुठून तरी थोडंथोडं ग्लूटेन पोटात जात होतं.

थोडंथोडं म्हणजे किती? एका मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यावर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. एवढासा तुकडा कोणी मुद्दाम खाऊ घालत नाही. तो न दिसणाऱ्या वाटेने येतो.

ती वाट शोधायला मी त्यांच्या घरी गेले आणि आजी, आई, काकू यांच्यासोबत डबा-डबा उघडून बसले. पहिला सापडला हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो, तो बांधणीचा असतो. हिंगाच्या चिकात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळून तो तयार करतात. डबीच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. आमटीच्या फोडणीत, ताकात, लोणच्यात, पापडात, रोज दोन वेळा हिंग जात होता. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणला. लोणच्याची अख्खी बरणी पडवीत गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोणचं नव्या हिंगाने घातलं गेलं.

दुसरं मेतकूट. आजींच्या हातचं, डाळी-तांदूळ-मसाल्यांचं, आणि त्यात दरवेळी मूठभर गहू भाजून घातलेला. मुलगी आजारी पडली, जेवेनाशी झाली, की तिला मऊ भात, तूप आणि मेतकूट दिलं जायचं. आजींना हे फार लागलं. "मीच घालत होते व्हय?" असं म्हणून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मुलीच्या आईने त्यांना सांगितलं, "आई, तुम्ही ओळखलंत म्हणून तर पोर वाचली." त्यानंतर मेतकूट गव्हाशिवाय होऊ लागलं. चव तीच राहते, फक्त रंग थोडा फिकट येतो. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच झालं; तिच्यातही घराघरांप्रमाणे गहू असतो किंवा नसतो.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट होती गिरणी. गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, आणि त्याच जात्यातून ज्वारी निघते. आधीच्या दळणातलं पीठ जात्यात आणि पिशवीच्या तोंडाशी राहतंच. गिरणीवाल्याला सांगून आधी थोडी ज्वारी दळून टाकून द्यायची, असंही करून पाहिलं, पण संध्याकाळच्या गर्दीत ते रोज जमणारं नव्हतं. शेवटी वडिलांनी घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच पडला नाही. ज्वारी निवडणं आजोबांकडे गेलं आणि दळणं वडिलांकडे. ती वाटणी आजही तशीच आहे.

बारीकसारीक आणखी होतं. काकू पडवीतून कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरात यायच्या. चाळणी एकच होती. ताकदीची म्हणून दुधात घालायची पावडर माल्टची, म्हणजे जवाची निघाली. आणि एक गोष्ट मला स्वतःला फार जिव्हाळ्याची वाटली: काकू पोळ्या करायला बसल्या की मुलगी शेजारी बसून कणकेच्या गोळ्याची चिमणी करायची. आपल्याकडे बहुतेक मुलं पोळीच्या पोळपाटाजवळच खेळतात. त्वचेतून ग्लूटेन आत जात नाही, पण लहान मुलांचे हात तोंडात जातात. तिला तांदळाच्या उकडीचा गोळा दिला गेला. चिमण्या चालू राहिल्या.

पुढच्या वर्षाच्या तपासणीत टीटीजी मर्यादेत आला.

सण, प्रसाद आणि डबा

सणांचं जमवणं वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण आपली निम्मी गोडधोडं गव्हावाचून होतात. उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, तिळगूळ, चिवडा यांना हात लावावा लागला नाही. चकलीच्या भाजणीत गहू नाही एवढं पाहिलं. होळीला पुरण तेच, फक्त पारी तांदळाच्या उकडीची. नवरात्रात फुलोऱ्याच्या कडाकण्या मात्र रवा-मैद्याच्याच लागतात असं आजींचं म्हणणं होतं. देवीच्या त्या देवीच्या राहिल्या, आणि मुलांसाठी तांदूळ-बेसनाच्या वेगळ्या तळल्या. सत्यनारायणाचा शिरा घरी तांदळाच्या रव्याचा होतो.

दुसऱ्यांच्या घरचा प्रसाद हा खरा पेच होता. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हे संस्कार आजींनीच केलेले. वाट त्यांनीच काढली: हात पुढे करायचा, प्रसाद कपाळाला लावायचा आणि सोबतच्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा, मग हात धुवायचे. पाच वर्षांच्या मुलीला हे जमलं आणि कोणाला वाईटही वाटलं नाही.

शाळेत मधल्या सुट्टीच्या डब्यात पोळी-भाजीच हवी असा नियम होता. आरोग्यासाठी केलेला चांगलाच नियम, पण तो या मुलीच्या जिवावर उठणारा होता. पालकांनी डॉक्टरांचं पत्र दिलं. पहिल्या बाईंना ते लाड वाटले. दुसऱ्या वर्षीच्या बाईंनी वर्गात सगळ्यांना भाकरीबद्दल सांगितलं, आणि काही मुलांच्या डब्यांत भाकरी दिसू लागली. वाढदिवसांसाठी आईने वर्गशिक्षिकेकडे शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा ठेवला. कोणाचा केक कापला गेला की मुलीला त्यातली वडी मिळायची.

चुलतभावाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तो त्याच शाळेत. पहिल्या दिवसापासून त्याने बहिणीची राखण करायची ठरवलं. तिच्या डब्यावर नजर ठेवायची, कोणी बिस्किट दिलं तर हिसकावून घ्यायचं, घरी येऊन सांगायचं. स्वतः केक खाणं सोडलं. मोठ्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. काही महिन्यांनी मुलगी त्याला टाळू लागली आणि तो रात्री झोपेत दचकू लागला. सात वर्षांच्या मुलाने एवढी जबाबदारी उचलणं त्याच्यासाठीही बरं नव्हतं आणि तिच्यासाठीही. काकूंनी त्याला समोर बसवून सांगितलं की ताईवर लक्ष ठेवणं मोठ्यांचं काम आहे, तू तिच्यासोबत खेळ, आणि वाढदिवसाला केकही खा. ('ताई' हे घरातलं लाडाचं नाव, ती त्याच्यापेक्षा लहान आहे.) माझ्या अनुभवात बऱ्याच घरांत हा फरक लक्षात येत नाही. भावंडांची पाळत मुलाला एकटं पाडते, मग त्यामागे कितीही माया असो.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. कुटुंबाने आधार दिला असं म्हणताना त्यातले बरेचसे तास तीन बायकांचे होते. दोन जागी स्वयंपाक, दोन तवे, प्रवासाला निघताना भाकऱ्यांची चळत, लग्नाला जाताना वेगळा डबा. घरघंटी आणि निवडण पुरुषांकडे गेल्यावर थोडा भार हलका झाला. ज्या घरात स्वयंपाकाला एकटीच बाई आहे आणि तीही नोकरीवर जाते, तिथे हाच नमुना जसाच्या तसा लावता येणार नाही. अशा घरांना मी सांगते की पडवी-बिडवीच्या भानगडीत न पडता घरातून गहूच काढून टाका. बाजारातली तयार ग्लूटेनविरहित पिठं महाग पडतात. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांच्यावर घर सहज चालतं.

चौदाव्या वर्षी

आठवीत असताना नेहमीच्या तपासणीत टीटीजी पुन्हा वाढलेला आला. घरात काहीच बदललेलं नव्हतं. आईने हिंगाची नवी डबीसुद्धा तपासली. मी मुलीशी एकटीशी बोलले. शिकवणीच्या बाहेर मैत्रिणींसोबत ती आठवड्यातून दोन-तीन वेळा वडापाव खात होती. सुरुवात एका घासाने झाली. पोट दुखलं नाही, जुलाब झाले नाहीत. तिला वाटलं, आपण बरे झालो.

असं वाटणं चुकीचं म्हणता येत नाही. लहानपणी ज्या मुलांचं पोट लगेच बिघडायचं त्यांना मोठेपणी अनेकदा काहीच जाणवत नाही, पण आतड्याचं नुकसान चालू असतं. हाडं ठिसूळ होणं, रक्त कमी होणं अशा मार्गांनी ते पुढे दिसतं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दहा वर्षं सगळी चर्चा मोठ्यांमध्ये झाली होती. अहवाल वडिलांच्या फाइलमध्ये, डॉक्टरांशी बोलणं आईचं, आहाराचं माझ्याशी.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचं पहिलं आधुनिक वर्णन प्रसिद्ध केलं. गव्हाचं त्यांना ठाऊक नव्हतं, पण बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, हे त्यांनी लिहून ठेवलं. त्यांनी एका मुलाची हकीकत दिली आहे. रोज डच शिंपले खायला दिल्यावर ते मूल छान सुधारलं, शिंपल्यांचा हंगाम संपला तेव्हा पुन्हा ढासळलं, आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपले तोंडात घ्यायलाच नकार दिला. मुलाला स्वतःला पटलं नाही तर कुठलाही आहार टिकत नाही, हे तेव्हापासून नोंदलेलं आहे.

घरी पहिली प्रतिक्रिया वडिलांची होती, आणि ती रागाची होती: शिकवणी बंद, पैसे बंद. ते दोन दिवस चाललं. मग आजींनीच विषय काढला. त्या नातीला म्हणाल्या, "तुझं पोट हाय. आता तूच बघ. आमी हाय पाठीशी." ऐकायला साधं वाक्य, पण त्यानंतर घराने खरोखर पावलं उचलली. फाइल मुलीकडे आली. बायोप्सीचा जुना अहवाल डॉक्टरांनी तिलाच समजावून सांगितला. पुढच्या तपासणीची वेळ तिने स्वतः घेतली. पाकिटावरचं वाचायला ती शिकली: आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, राय, जव, ओट्स यांसारखी ग्लूटेन असलेली धान्यं पदार्थात असतील तर तसं लिहिणं बंधनकारक आहे, आणि 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. सोया सॉसमध्ये गहू असतो हे तिने मला सांगितलं नाही, तर मैत्रिणींना सांगितलं. त्या चायनीजच्या गाडीवर जायच्या बेतात होत्या.

आणि वडापावचं? घरी रविवारी वडे होऊ लागले, भाकरीसोबत, लसणाच्या चटणीसह, आणि मैत्रिणींना बोलावणं गेलं. गाडीवरच्या पावाची बरोबरी त्याने होत नाही, असं ती सरळ सांगते. ते तसं सांगू देणं मला महत्त्वाचं वाटतं. या मुलांना आपल्या वाट्याला काय आलं नाही याचं वाईट वाटू शकतं, आणि प्रत्येक वेळी त्यावर 'पण भाकरी किती पौष्टिक' असं उत्तर देणं बरं नाही.

वर्षभरात आकडा पुन्हा मर्यादेत आला. मासिक पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली होती. आज तिची उंची १५६ सेंटिमीटर आहे, वयाच्या मानाने मध्यम. ड जीवनसत्त्व कमी आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

आता

बारावीनंतर तिला पुण्यात शिकायला जायचं आहे. वसतिगृह की खोली, यावर घरात दोन तट आहेत. आईला काळजी वाटते. वडील म्हणतात, तिलाच ठरवू द्या. सुट्टीत ती पुण्यात जाऊन तीन खानावळी बघून आली. एका ठिकाणी ओट्यावर सगळीकडे कणीक उडालेली होती, ते बघूनच परत फिरली. दुसरीत भाकरी मिळते, पण पोळीच्याच तव्यावर. तिसरी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, पहाटे पोळ्यांच्या आधी तुझ्या भाकऱ्या करून ठेवीन, तवा तू आणून दे, फोडणीचा हिंगही तूच दे. पीठ दर महिन्याला सोलापूरहून जाईल, घरच्या घरघंटीचं. तिथे राहायला लागल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी करायचा आणि आकडा वाढला तर स्वतः रांधून खायचं, असं तिने मला कळवलं आहे. तोवर आजींकडून भाकरी थापायला शिकते आहे. काठ अजून फाटतात.